अडीच मीटरांत न मावलेलं व्यासपीठ

या, अशा जवळ या. मागे टेकून बसलेल्यांनी जरा पुढे सरकावं, दारात घुटमळणाऱ्यांनी आत यावं. देवाच्या दारी पुढची जागा कुठल्याच देशात भरलेली नसते. आज तुम्हाला एका खोपट्याची गोष्ट सांगायची आहे. खोपटं साधंच, लाकडाचं. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट, आणि उंची... तिच्यापायीच पुढचं सगळं रामायण घडलं, तेव्हा ती ओघातच येऊ द्या.

कुम हेलिग हे वेल्सच्या डोंगरांतलं गाव. दरीच्या दोन्ही अंगांना घरांच्या लांबच लांब रांगा, एकीच्या डोक्यावर दुसरी. गावात सपाट जमीन म्हणाल तर एकच, हेब्रोन चॅपलची फरशी. बाकी सगळा उतार. आमच्याकडे कपातला चहासुद्धा एका बाजूला जरा जास्त असतो, असं तिथली माणसं सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

इद्वल प्रॉसर याच गावचे. वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक. खाटकाच्या काट्यापासून दारूच्या पेल्यापर्यंत तालुक्यातलं एकही माप त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. निवृत्त होताना खात्याने त्यांना एक पोलादी टेप भेट दिली. ती ते कोटाच्या आतल्या खिशात बाळगत आणि जेवतानाही काढून ठेवत नसत. हाताला काम उरलं नाही तेव्हा त्यांनी पत्रलेखन आरंभलं. दर मंगळवारी काउन्सिलला एक पत्र. कुणाचं कुंपण रस्त्यावर झुकलं, कुणाचा कचऱ्याचा डबा एक दिवस आधीच बाहेर आला, कुणाच्या मांजरीने सार्वजनिक बाकाचा खाजगी वापर चालवला आहे, असा मजकूर. यात दुष्टावा नव्हता हो. जगात एक माप आहे आणि ते सर्वांना सारखं आहे, एवढीच त्यांची श्रद्धा. देवावरही त्यांची श्रद्धा त्याच कारणाने होती.

पण या नियमाच्या माणसाला एक वेड होतं. उपदेश ऐकण्याचं.

तिथल्या जुन्या पाळकांचा उपदेश म्हणजे नुसतं बोलणं नसे. सुरुवात साधी, गद्यात, जणू हवापाण्याची विचारपूस. मग आवाज हळूहळू चढे, शब्द लांबत, वाक्याची शेपूट वर उचलली जाई, आणि एका क्षणी बोलण्याचं गाणं झालेलं असे. कधी झालं ते कुणालाच कळत नसे. टाळ नाही, मृदंग नाही, पेटी नाही. एकटा म्हातारा उंचावर उभा आणि सगळं चॅपल त्याच्या श्वासाबरोबर वरखाली. याला ते लोक ‘हुइल’ म्हणतात. होडीच्या शिडालाही तोच शब्द. होडी तीच, पाणी तेच, पण वारा भरला की... जाऊ द्या. ज्यांनी कीर्तनाच्या उत्तररंगात उपरण्याने डोळे पुसले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

हेब्रोनचे पाळक गोरोन्वी बेवन हे अशा उपदेशकांतले शेवटचे. सहा वर्षांपूर्वी चॅपल बंद पडलं. वीस म्हाताऱ्यांच्या बळावर एवढं छप्पर किती दिवस तरणार? त्या रविवारपासून बेवनबाबा बोलले ते फक्त गद्यात. आणि प्रॉसर त्या सुरासाठी झुरू लागले. भांडी विसळताना ते तो स्वतःच्या गळ्यातून काढून बघत. शेजारी गल्लीत एक कुत्रा होता, तो उत्तर देई, दुसरं कुणी नाही. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून, त्यांच्या कोटाच्या ओल्या लोकरीचा वास घेत त्यांनी तो सूर पहिल्यांदा ऐकला होता. पोटाची भूक माणूस सांगू शकतो. कानाची भूक सांगायला लाज वाटते.

अशात उन्हाळ्यात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. बेवनबाबा, वय एकोणनव्वद, पाच आठवड्यांनी मुलीकडे न्यूझीलंडला कायमचे निघणार. आणि चॅपल विकलं गेलं असून तिथे राहती घरं होणार, आतलं सामान ज्याला हवं त्याने महिनाअखेर उचलावं.

प्रॉसर तडक बाबांकडे गेले. म्हणाले, जाण्यापूर्वी एकदा उपदेश करा, आमच्या बैठकीच्या खोलीत करा. बाबांनी खरोखर केला. खुर्चीत बसून वीस मिनिटं बोलले आणि ते ऐकताना सगळ्यांना बसचं वेळापत्रक आठवलं. शेवटी बाबांनीच चष्मा काढला.

“इद्वल बाळा,” ते म्हणाले, “जमिनीवरून मला नुसतं बोलता येतं. ते जे तुला हवंय, ते वर असतं. साठ वर्षं मी ते वरूनच काढलंय. तिथे मी नाही पोचलो तर ते खाली यायचं नाही.”

आता तुम्ही-आम्ही असतो तर सुस्कारा टाकून घरी गेलो असतो. प्रॉसर टेप घेऊन चॅपलमध्ये गेले आणि व्यासपीठ मोजून आले. पाइनच्या लाकडाचं, वर चढायला पाच पायऱ्या, उभं राहायची फळी जमिनीपासून बरोबर एक मीटर. रात्री जेवताना त्यांनी बायकोला विषय काढला, की आपल्या परसात थोडी जागा आहे. तेगवेनने बटाटा मोडता मोडता विचारलं, कशाला? त्यांनी सांगितलं. तिने तो बटाटा संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला.

“ठेव,” ती म्हणाली. “लग्नात तू मला एक गुलाबाचा वाफा कबूल केला होतास. तो इथेच येणार होता. पण ठेव.”

प्रॉसरनी ही परवानगी धरली. खरी परवानगी पुढेच होती.

काउन्सिलने परसातल्या बांधकामांबद्दल एक पत्रक काढलं आहे. प्रॉसर ते पोथीसारखं वाचू लागले, सकाळी एक पान, संध्याकाळी एक पान. पहिला बेत असा होता की व्यासपीठ आहे तसं हिरवळीवर ठेवावं. पत्रकाने तो मोडून काढला. फूटभराहून उंच असा कसलाही उघडा चौथरा बांधायचा तर रीतसर परवानगी हवी, आणि तिला लागतात आठ आठवडे. बाबा पाचात निघणार. पण तेच व्यासपीठ चार भिंतींच्या आत ठेवलं तर? तर ते आतलं सामान झालं, त्याला कुणी विचारत नाही. उघड्यावर बांधकाम, आडोशाला फर्निचर. तेगवेन म्हणाली, आमच्या मेहुण्यांचं असंच आहे, उघड्यावर ते अडचण असतात आणि घरात फर्निचर.

म्हणजे खोपटं आलं. आणि खोपटं आलं तिथे कलम आलं: शेजाऱ्याच्या हद्दीपासून दोन मीटरांच्या आत बांधाल तर उंची अडीच मीटरांपुढे जाऊ नये. मग दोन मीटर सोडून बांधा की, असं तुम्ही म्हणाल. प्रॉसरही तेच म्हणाले. त्यांचं परस साडेचार मीटर रुंद. दोन या बाजूने सोडले, दोन त्या बाजूने, उरला अर्धा मीटर. त्यात एक शिडी ठेवता आली असती, तीही उभी. पाळक ठेवता आले नसते.

तेव्हा अडीच मीटर. बाबा उभे राहणार एक मीटरवर, बाबांची उंची एक मीटर ऐंशी. बेरीज पाहून प्रॉसरनी ती पुन्हा एकदा करून पाहिली.

गावात ही बेरीज दुपारपर्यंत सर्वांना तोंडपाठ झाली, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. खाटीक म्हणाला, पाळकांना बसवा. पोस्टमन म्हणाला, पायऱ्या कापा. चॅपलमधल्या एका बाईंनी सुचवलं की बाबांनी गुडघ्यांवर राहून उपदेश करावा, नम्रताही दिसेल. बाबांच्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटी जबाबदारी गेली हेडन सुताराकडे, कारण तो गावातला एकुलता एक सुतार. हेडन आयुष्यभर एकच वस्तू बनवत आला होता, शवपेट्या, आणि गावातली प्रेतयात्राही त्याच्याच काळ्या गाडीतून निघे. त्यामुळे त्याला उंची म्हणून काही कळतच नसे. उंची राहू दे, लांबी सांगा, असं तो म्हणे. माप घ्यायला तो बाबांकडे गेला आणि टेप न काढता नुसता नखशिखांत बघत राहिला.

“हेडन,” बाबा म्हणाले, “तू असं बघितलंस की मला विमान अलीकडचं घ्यावंसं वाटतं.”

पण हेडनचा हात चांगला होता. खोपट्याची फरशी त्याने उताराच्या खालच्या अंगाशी सपाट धरली. वरच्या अंगाची माती मागे तशीच ठेवून जागा आत खोदून घेतली, आणि खांब उभे केले. बाबांच्या डोक्यावर वीतभर मोकळं राहील असं छप्पर बसेल, एवढे उंच.

व्यासपीठ आणायचा दिवस मात्र सांगायलाच हवा. ते नेण्याजोगं वाहन गावात एकच, हेडनची काळी गाडी. तीत ते आडवं घातलं, वर पाऊस लागू नये म्हणून काळं कापड, मागून आठ म्हातारे काळ्या कोटांत, कारण चॅपलला जायचं तर दुसरा कोट त्यांच्याकडे नव्हता. गाडी चढावर हळूहळू निघाली. घराघरांतून पडदे ओढले जाऊ लागले. रस्त्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. पेट्रोलपंपापाशी एक बाई डोळे पुसत प्रॉसरना म्हणाली, गेले का हो बाबा बिचारे? बाबा गाडीत पुढेच बसले होते. त्यांनी काच खाली करून तिचे आभार मानले.

तिसऱ्या दिवशी प्रॉसरनी खोपट्याच्या भिंतीशी टेप लावली. उताराच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून वर. दोन मीटर अठ्ठ्याण्णव.

ते जागीच खाली बसले. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर बेकायदा, तेही वजनमापं खात्याच्या माणसाच्या परसात. उतारावरचं बांधकाम कुठून मोजावं याबद्दल पत्रक काहीसं गुळमुळीत होतं. म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी काउन्सिलला पत्र टाकलं आणि उत्तराची वाट पाहू लागले. आठवडा गेला, उत्तर नाही. बाबांच्या निघण्याला बारा दिवस उरले. प्रॉसरना बेकायदा खोपट्याशेजारी झोप लागेना. एका सकाळी त्यांनी हेडनला बोलावून चारही कोपऱ्यांचे खांब अठ्ठेचाळीस सेंटिमीटर कापायला लावले. हेडनच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी चांगली लांबी वाया घालवलीत, तो म्हणाला.

आता छप्पर घातलं तर बाबांना मान मोडून उभं राहावं लागणार. तेव्हा छप्पर घालायचंच राहून गेलं.

आणि मग काउन्सिलचं पत्र आलं. उत्तर नव्हे. ‘आपल्या परसातल्या खोपट्याच्या उंचीबाबत तक्रार आली असून आमच्या अधिकारी बुधवारी दुपारी तीन वाजता पाहणीस येतील.’ बुधवार, तीन वाजता. बाबा गुरुवारी पहाटे निघणार होते. उपदेश ठरला होता बुधवारी, तीन वाजता.

तक्रार कुणाची, हे प्रॉसरना विचारावंच लागलं नाही. त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं.

कुंपणापलीकडे डिलिस प्यू राहत. त्यांचा नवरा वॉट, खाणीत उमेद गेलेला सालस माणूस. त्याला एकच नाद, शर्यतीच्या कबुतरांचा. परसात हद्दीला लागून त्याने ढाबळ बांधली होती. दहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी प्रॉसरनी तिला टेप लावली, खालच्या अंगाने, आणि ती वीस सेंटिमीटर जास्त भरली. पत्र गेलं, एक प्रत वॉटच्या दारातून आत सरकवली. वॉट वाद घालणारा नव्हता. त्याच आठवड्यात त्याने ढाबळ स्वतःच्या हाताने कापून बुटकी केली. शनिवारी त्याची सगळ्यांत लाडकी मादी फ्रान्समधून शर्यत संपवून आली. समुद्र ओलांडून आली, दरीवर आली, घरावर आली, आणि खाली पाहिलं तर आपलं छप्पर नाही. वॉट अंगणात दाण्यांचा डबा वाजवत उभा होता. ती अंधार पडेपर्यंत घिरट्या घालत राहिली आणि मग डोंगरापलीकडे निघून गेली. वॉटने उरलेली पाखरं देऊन टाकली. दुसऱ्या हिवाळ्यात तोही गेला. ढाबळ कापली त्या दिवसापासून मिसेस प्यूंनी प्रॉसरशी एक शब्द उच्चारला नव्हता. प्रॉसरना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्यांनी ते वाटणं घडी घालून ठेवून दिलं होतं.

त्या दिवशी ते पत्र हातात घेऊन कुंपणाशी गेले. बाई कपडे वाळत घालत होत्या. दहा वर्षांनी पहिला शब्द बोलायचा, तो ते असा बोलले:

“मिसेस प्यू, सूडच उगवायचा होता तर तोंडावर सांगायचं.”

बाईंनी तोंडातला चिमटा काढून पत्राकडे पाहिलं.

“मी पत्रं लिहीत नाही, मिस्टर प्रॉसर,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी पत्रं फक्त येतात.”

आणि रिकामी टोपली कमरेवर घेऊन आत गेल्या.

बुधवारी अडीचलाच मंडळी जमली. हेब्रोनच्या वीसांतले उरलेले चौदा. पाच आत मावले, बाकीचे बाहेर खुर्च्या टाकून, आणि खुर्च्यांचे पुढचे पाय उतारावर असल्यामुळे सगळेच नमस्काराच्या बेतात असल्यासारखे पुढे झुकलेले. तेगवेनने तव्यावरचे मनुकांचे केक केले होते. पावणेतीनला अधिकारीबाई आल्या. मिस व्हॉन, तरुण, पायात चिखलाचे बूट, काखेत जाडजूड फाइल. खुर्च्या पाहून त्या जरा बिचकल्या. पाहणीला एवढी गर्दी त्यांनी पाहिली नव्हती.

प्रॉसर ताठ उभे राहिले आणि म्हणाले की मी कायदा मानणारा माणूस आहे, तक्रारदार कोण ते मला ठाऊक आहे, त्यांचं नाव घेऊन मी त्यांना लाजवणार नाही. मिस व्हॉननी फाइल उघडली आणि एक कागद त्यांच्यासमोर धरला. अक्षर सुबक, समासासह. अक्षर प्रॉसरांचं होतं.

‘एका गृहस्थाने हद्दीलगत खोपटं बांधलं असून ते उतारावर असल्याने उंचीविषयी शंका उद्भवते...’

“हे तर मी विचारलं होतं,” प्रॉसर म्हणाले.

मिस व्हॉननी नम्रपणे सांगितलं की या अक्षराची पत्रं कार्यालयात पोचली की थेट तक्रारींच्या फाइलीत जातात. तशी पद्धतच पडली आहे, त्या नोकरीला लागण्यापूर्वीपासून. शिवाय ‘एक गृहस्थ’ असं लिहिलं होतं आणि पत्ता वरच होता, तेव्हा कारकुनाला वाटलं, शेजारी कुणी असणार.

मग त्यांनी टेप काढली, आणि काय केलं, तर चढून खोपट्याच्या वरच्या अंगाला गेल्या. तिथून मोजलं. दोन मीटर दोन.

“उतारावर वरच्या अंगाची जमीन धरतात,” त्या म्हणाल्या. “बांधकामाला लागून जी सगळ्यांत उंच जमीन असेल, तिथून. हे भरपूर बुटकं आहे. मुळात खांब अजून अठ्ठेचाळीस सेंटिमीटर उंच ठेवले असते तरी अगदी नियमात बसलं असतं.”

हेडनने कोपऱ्यात रचलेल्या चार कापलेल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

मंडळी हसली. तेगवेनही हसली. प्रॉसर मात्र हसले नाहीत. त्यांना खोपट्याचं काहीच वाटत नव्हतं. ते कुंपणापलीकडे बघत होते. तिथलीही जमीन तशीच, त्याच उताराची. त्यांनी हळू आवाजात विचारलं की समजा, एका गृहस्थाची कबुतरांची ढाबळ, खालच्या अंगाने दोन मीटर सत्तर भरली असेल, दहा वर्षांपूर्वी. तर.

मिस व्हॉननी फाइल मागे मागे चाळली. पान सापडलं. त्यांनी कुंपणावरून पलीकडच्या उतारावर नजर टाकून मनात वजाबाकी केली.

“सव्वादोनच्या आसपास,” त्या म्हणाल्या. “ती नियमातच होती. आमच्याकडून तर कुणी पाहायलाही गेलं नव्हतं. इथे शेरा आहे, मालकाने स्वतःहून कमी केली, प्रकरण बंद.”

तेवढ्यात बाबा आले. हेडनचा हात धरून आत शिरले, तिथे तो सोडला आणि पाच पायऱ्या एकेक करत एकटेच चढले. वर पोचून ते वळले तेव्हा बाहेरच्यांना एवढंच दिसलं: खोपट्याच्या भिंती, आणि भिंतींच्या काठावर पाळकांचं पांढरं डोकं, ताटावर ठेवल्यासारखं.

मिस व्हॉन लेखणी उघडून उभ्या होत्या. कुणीतरी घाबरून विचारलं, हे उंचीत धरणार का? त्यांनी वर पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“इमारत नियमात आहे,” त्या म्हणाल्या. “वर दिसतंय ते पाळक आहेत. त्यांच्या उंचीला कलम नाही.” आणि शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

बाबांनी सुरुवात केली. विषय घरी परतण्याचा. गद्यच होतं, आणि तेही कोरडं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्रॉसर पहिल्या खुर्चीत मुठी आवळून बसले होते. एवढा खटाटोप, एवढी शोभा, आणि वरूनही बसचं वेळापत्रकच. मग बाबा मध्येच थांबले. उंचीवरून त्यांना कुंपणापलीकडचं दिसत होतं. ते तिकडे बघत राहिले.

“वॉटची ढाबळ अजून आहे म्हणायची,” ते म्हणाले, जणू समोर कुणी नव्हतंच. “वॉट चॅपलला यायचा नाही. दारापर्यंत यायचा, बाहेर उभा राहून आभाळ बघायचा. मी विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, माझं कुणीतरी यायचंय.”

आणि ‘यायचंय’ या शब्दाची शेपूट वर उचलली गेली.

प्रॉसरांच्या अंगावर काटा आला. आलं, आलं ते. बाबा आता आभाळाशी बोलत होते. पाखराला म्हणत होते, एवढा समुद्र ओलांडलास ना गं, एवढे डोंगर मागे टाकलेस ना, मग उतर. छप्पर बुटकं झालं म्हणून काय झालं, दाणे वाजवणारा हात तोच आहे, उतर. सहा वर्षं दडून बसलेला तो सूर त्या छप्पर नसलेल्या खोपट्यातून सरळ वर निघाला, दरीच्या दोन्ही अंगांना आपटला आणि परतला. उतर बाळे, उतर. म्हातारे डोलू लागले. कुणाचा चहा सांडला, कुणी पुसला नाही. शेजारच्या गल्लीतल्या कुत्र्याने या खेपेला तोंड उघडलं नाही.

आणि ऐन भरात, ज्या क्षणासाठी त्या माणसाने गुलाबाच्या वाफ्याची जागा, वजनमापं खात्याची अब्रू आणि चार खांब घालवले होते, त्या क्षणी इद्वल प्रॉसर खुर्चीवरून उठले. तेगवेनने त्यांच्या कोटाची बाही धरली, त्यांचं तोंड पाहिलं आणि सोडली. ते मागच्या गल्लीतून गेले. गल्लीला दगडी भिंत, तिच्यामागे सूर अगदी पुसट झाला. पुढे फाटक होतं. ते त्यांनी दहा वर्षांत उघडलं नव्हतं.

मिसेस प्यू ढाबळीपाशी एका उपड्या बादलीवर बसल्या होत्या.

“मी चुकीच्या अंगाने मोजलं होतं,” प्रॉसर म्हणाले.

“कधी?”

“दोन्ही वेळा. वॉटची बरोबर होती. ती कापायची नव्हती.”

बाईंनी ढाबळीकडे पाहिलं. कुंपणापलीकडून बाबांचा आवाज वर चढला, खाली आला.

“मी त्याला म्हटलं होतं, जरा विचार कुणाला तरी,” त्या शेवटी म्हणाल्या. “तर म्हणाला, प्रॉसरनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार, तो माणूस मापात खोटं करायचा नाही. आणि करवत आणायला गेला.”

प्रॉसर उभेच होते. खिशातली टेप त्यांना कधी नव्हे ती जड वाटली. त्यांनी ती काढून ढाबळीच्या फळीवर ठेवली.

“बसा आता,” मिसेस प्यू म्हणाल्या आणि बादलीवर जराशा सरकल्या. “इथून चांगलं ऐकू येतं. तुमच्या त्या भिंतींच्या आत कोंदट होत असेल.”

खरंच चांगलं ऐकू येत होतं. हद्दीच्या त्या बाजूला बसून दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. बाबांनी पाखराला हाक मारली, मग वॉटला मारली, मग कुणाकुणाला मारली ते शब्द वाऱ्यात कळले नाहीत, नुसता सूर कळला. शेवटी तोही उतरला. कुणी टाळी वाजवली नाही, तशी तिथे रीत नाही. खुर्च्या कुरकुरल्या तेवढ्याच.

बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं म्हणे, की खाली उतरायला त्यांना दोन माणसं लागली, पण वर ते एकटेच गेले.

आता मिस व्हॉननी तक्रार निकाली काढली आहे आणि प्रॉसरांच्या अक्षरासाठी कार्यालयात वेगळी फाइल लावली आहे, तिच्यावर ‘विचारणा’ असं लिहून. तिच्यात आजवर एकच पत्र आलं आहे: शेजारच्या परसातली ढाबळ वीस सेंटिमीटर उंच करायची तर हरकत आहे का? हरकत नव्हती. हेडनने खांबांचे ते चार तुकडे वापरले. लांबी वाया गेली नाही म्हणून तो फार खूश होता. वरच्या अंगाने माप घ्यायला प्रॉसर दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा बाईंनी चहा दिला. व्यासपीठाच्या पायाशी तेगवेनने गुलाब लावला आहे. छप्पर नसल्यामुळे त्याला ऊन मिळतं.

संध्याकाळी मिसेस प्यू जुना डबा घेऊन परसात येतात आणि थोडा वेळ दाणे वाजवतात. कुंपणाच्या अलीकडे एक वजनमापं खात्याचा माणूस तोंड वर करून उभा असतो. अजून कुणी उतरलेलं नाही. आभाळ मोठं आहे, आणि पाखरू म्हातारं झालं असणार.

तर मंडळी, दिवा शांत करून निघालात म्हणजे एवढं करा. बाबांना नाही आठवलंत तरी चालेल, त्यांचं देवाशी जुनं बोलणं आहे. वॉट प्यूला आठवा. दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवून स्वतःचं छप्पर कापलं, त्या वॉटला. घरी जाताना कुठे आभाळात घिरट्या घालणारं पाखरू दिसलं, तर क्षणभर थांबा आणि वॉटसाठी एकदा वर बघा.